बाबा, ढाल आणि दगडी रेडा

बाबांना उजव्या हाताच्या पहिल्या बोटाने ढाल धरायची होती. आमच्या घरातली त्या वर्षाची सगळी भानगड त्या एका बोटाशी येऊन थांबते, म्हणून आधी बोटाचंच सांगते.

बाबा रोह्याला धाटावच्या एका केमिकल कंपनीत पॅनल ऑपरेटर होते. निवृत्तीला थोडे महिने उरलेले असताना कामावरच त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. पाय पुढे बराच सुधारला, काठी टेकत ते घरात फिरू लागले. आपण बोललेलं सगळं त्यांना समजायचं, पण त्यांच्या तोंडून यायचं ते ‘हां’, ‘नाय’ आणि एक शिवी. शिवी मात्र अगदी स्वच्छ यायची. डॉक्टर म्हणाले, असं होतं बऱ्याच जणांचं. आई म्हणाली, देवाला ठेवायचाच होता एखादा शब्द तर स्वतःचं नाव ठेवायचं, ही बरी ठेवली.

हात मुठीत अडकला होता. पेणला आमचं औषधांचं दुकान आहे, मी आणि नवरा मिळून चालवतो. दुकानाच्या वरच्या मजल्यावर एक फिजिओथेरपीवाली बसते. तिने बाबांना तपासलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की पकडायला येईल लवकर, सोडायला वेळ लागेल. मूठ आवळणं हे काम नाही, मूठ उघडणं हे काम. आणि जे काय व्हायचं ते साधारण पहिल्या वर्षात. नंतर हात जिथे असेल तिथेच राहतो. तिने रबरी चेंडू दिला, कपड्यांचे चिमटे दिले, रोज किती वेळा काय करायचं ते दिलं.

बाबांनी चेंडू एकदा दाबला. तो हातातून सुटेना तेव्हा डाव्या हाताने उजव्याची बोटं एकेक करून सोडवली, चेंडू पलंगाखाली टाकला आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. दुसऱ्या दिवशीही झोपले. महिनाभर झोपले. मी दर रविवारी वडखळ, नागोठणं करत रोह्याला जायची आणि त्यांच्या पाठीशी बोलून परत यायची. मला राग यायचा. आजारी माणसावर रागावू नये म्हणतात, पण मला यायचा, आणि परत येताना एसटीत मी तो सबंध भिसे खिंडभर गिळत असायची.

गेमचं खूळ माझं. कॉलेजपासून आहे, लग्नानंतरही सुटलं नाही. दुपारी दुकान बंद असतं तेव्हा पेणमधली शहाणी माणसं झोपतात, मी राक्षस मारते. एका रविवारी मी सेकंडहँड कन्सोल घेऊन रोह्याला गेले, टीव्हीला जोडला आणि मुद्दाम बाबांच्या खोलीत मोठ्या आवाजात खेळत बसले. उपचार वगैरे काही डोक्यात नव्हतं. नुसतं त्यांना भिंतीकडून वळायला लावायचं होतं, भले शिवी द्यायला का होईना.

शिवी आलीच. पण बाबा वळले होते.

गेम तसल्या जुन्या जगातला. किल्ले, जंगलं, जादूटोणा, बोलणारे कोल्हे. बाबांनी त्याची गोष्ट काय आहे हे कधी जाणूनही घेतलं नाही. त्यांना ढाल आवडली. कंट्रोलरच्या उजव्या खांद्यावर एक बटण असतं, ते पहिल्या बोटाने दाबून धरलं की पडद्यावरचा माणूस ढाल वर करतो. बोट उचललं की ढाल खाली. दाबायचं आणि सोडायचं. वरच्या मजल्यावरचीने सांगितलेला व्यायाम तोच, फक्त चेंडूच्या जागी समोर राक्षस. चालणं, फिरणं, वार करणं डाव्या हाताकडे येईल अशी मी बटणांची मांडणी बदलून दिली. मग आम्ही त्यांचा ढालकरी तयार केला. त्याला दाढी हवी का विचारलं तर “नाय”. टक्कल? “हां”. बाबांचंच टक्कल होतं ते.

ढालकरी जसा चढत गेला तसं बोट सुटायला लागलं. आधी डाव्या हाताने उचलून द्यावं लागायचं, मग नुसतं टेकवलं तरी उठायचं, मग आपलं आपण, उशिरा का होईना. मी दुपारी पेणहून माझ्या जुन्या कन्सोलवर खेळायची, बाबा रोह्यालाच ठेवलेल्या ह्या कन्सोलवर, आई फोन स्पीकरवर टाकून मध्ये बसायची. वाल सोलता सोलता ती मला बातम्या द्यायची. आता कपाळाला घाम हाय. आता हसले. आता तुझ्यावर चिडलेत, तू पुढे पुढे करतेस. बाबा चेंडूला हात लावत नव्हते ते नव्हतेच. त्यांचा सगळा व्यायाम म्हणजे तो टकला ढालकरी. तो गेला असता तर हात पुन्हा मांडीवर गेला असता आणि बाबा भिंतीकडे. मला ते माहीत होतं, आईला माहीत होतं. आम्ही बोलत नव्हतो इतकंच.

आणि बाबांना आखाडा दिसला.

राजधानीच्या खाली एक आखाडा आहे, जोडीने लढायचा. त्याला दोन दारं. एक सरावाचं, तिथे मेलं तरी काही बिघडत नाही. दुसरं खरं. त्यात पाच फेऱ्या, प्रत्येक फेरीनंतर बक्षीस, आणि प्रत्येक वेळी विचारतात की मिळालं तेवढं घेऊन बाहेर जाता की पुढे लढता? पुढे जाऊन हरलात तर मागचं सगळं गेलं. बक्षिसं तशी चढत्या भावाची. पहिल्या फेरीला तांब्याचं कडं, मग पाण्यावरून चालवणारे जोडे, असं करत पाचवीला पिवळी ढाल, जिला तडाच जात नाही. तिच्यासाठी माझी जीव टाकायची तयारी होती. अडचण एवढीच की खऱ्या आखाड्यात जो पडतो तो पुसला जातो. पुन्हा त्याला सुरू करता येत नाही. सोबत्याने एकट्याने लढून फेरी जिंकली, तरच सगळी बक्षिसं सोडून देऊन पडलेल्याला परत मागता येतं. आणि पाचव्या फेरीत समोर येतो तो दगडी रेडा. त्याला एकट्याने मारलेलं मी कधी ऐकलं नव्हतं.

रेड्याची रीत अशी. एकाने ढाल लावून त्याला अडवायचं, दुसऱ्याने बाजूने वार करायचे. तो दोन बारीक ढुशा देतो, मान वर करून मोठा श्वास घेतो आणि मग तिसरी खरी धडक मारतो. प्रत्येक धडकेला ढालीला तडा. तीन तडे झाले की चौथ्या धडकेला ढालीमागचा माणूस गेला. म्हणून तिसऱ्या तड्यानंतर रेडा श्वास घेतो तेवढ्यात जागा बदलायची. पुढच्याने ढाल खाली घ्यायची, मागच्याने आपली लावायची. श्वास लहान असतो. त्यात बोट उचललं तर उचललं.

सरावात आमचं सगळं जमायचं आणि ह्या जागाबदलात गाडी अडायची. बाबांचं बोट उचललंच जायचं नाही. एरवी उचलायचे, तिथेच नाही. रेडा श्वास घ्यायचा, मी मागे ताटकळत उभी, बाबा ढाल लावून ठाम, आणि धडक. टकला ढालकरी आडवा. पुन्हा सुरुवात, पुन्हा आडवा. मी फोनवरून ओरडायची, “बाबा, बोट उचला.” आईचा आवाज यायचा की अगो प्रयत्न करतायत ते. मला वाटलं बोटाचं दुखणं. दमतं म्हणून नाही उठत. वरच्या मजल्यावर जाऊन मी विचारून आले, गरम पाण्याचा शेक सांगितला, आईने दिला. काही फरक नाही.

मला हरणं सहन होत नाही. लहानपणी सापशिडीत साप लागला की मी पट उधळायची. एका दुपारी, रेडा श्वास घेत असताना, मी धक्क्याचं बटण दाबलं. सोबत्याला ढकलून त्याची जागा हिसकावून घेता येते, त्याने सोडली नसली तरी. खऱ्या आखाड्यात त्याची शिक्षा म्हणून सगळी बक्षिसं जातात, सरावात काहीच जात नाही. बाबांचा ढालकरी धडपडत बाजूला गेला, मी ढाल लावली, धडक झेलली, दोन मिनिटांत रेडा मारला. मी दुकानातल्या खुर्चीवर उभं राहून नाचले.

फोनवर ती शिवी आली, आणि काहीतरी जमिनीवर आपटल्याचा आवाज.

त्या आठवड्यात बाबा खेळले नाहीत. शनिवारी आईने सांगितलं की परत भिंतीकडे झोपायला लागलेत. मी उसळले. म्हटलं, जिंकून दिलं त्याचं हे? त्यावर आई जे बोलली ते तिने मला आधी कधीच सांगितलं नव्हतं.

पण त्याआधी बाबांची एक सवय सांगायला हवी. कंपनीत शिफ्ट बदलताना पॅनलवरचा माणूस नव्या माणसाला सगळं समजावून सांगतो, कुठला व्हॉल्व्ह अर्धा आहे, कुठलं तापमान चढतंय, आणि शेवटी म्हणतो, दिला. म्हणजे चार्ज दिला. नवा म्हणतो, घेतला. हे दोन शब्द झाल्याशिवाय बाबा खुर्ची सोडायचे नाहीत. कागदावर सह्या वगैरे नंतर. नागोठण्याला पूर आला आणि पुढच्या शिफ्टचा रिलीव्हर तिकडेच अडकला तेव्हा बाबा डबलवर डबल मारून घरी आले होते, डोळे लाल करून. घरीसुद्धा तेच. भाजीची पिशवी आईच्या हातात देताना “दिला”, आणि आई “घेतला” म्हणेपर्यंत पिशवीचा एक बंद बाबांच्या हातात. माझ्या लग्नात पाठवणीच्या वेळी त्यांनी नवऱ्याचा हात धरून “दिला” म्हटलं. तो बिचारा “थँक यू” म्हणाला. बाबा तसेच उभे. शेवटी माझ्या मामेभावाने त्याच्या कानात सांगितलं तेव्हा गाडी हलली. मी काय रिॲक्टर आहे का, म्हणून मी पेणपर्यंत फणफणत होते.

तर आई म्हणाली, “झटका आला तेव्हा दुपारची शिफ्ट बदलत होती. रिलीव्हर समोर उभा. ह्यांनी सगळं सांगितलं, आणि दिला बोलायच्या वक्ताला तोंड वाकडं झालं. बोलता येईना. लोकांनी उचललं तर खुर्चीचा हात सोडीनात गो. बोटं एकेक करून सोडवली तेव्हा गाडीत घातलं.”

ती म्हणाली की बोटाला काही झालेलं नाय. बोट उठतं. तुला जागा द्यायची वेळ आली की ते आधी शब्द शोधतात. तोंड हलतं, मी बघते ना रोज. शब्द सापडत नाय म्हणून बोट उचलत नायत. आणि तू ढकललंस.

फोन ठेवला आणि दुकानाचं शटर अर्धं ओढून मी रडले. नंतर डोळे पुसून विचार केला, कारण नुसतं रडून काही होत नाही. ‘न बोलता सोडा’ असं त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता. ते सोडणार नव्हते. तर शब्दाला जास्त वेळ द्यायचा. रेडा श्वास घेईल तेव्हा सुरुवात केली की उशीर होतो, मग सुरुवात आधी करायची. पहिल्या ढुशीलाच. पहिली ढुशी, दुसरी ढुशी, श्वास, एवढ्यात मिळून एक शब्द. तेवढा वेळ पुरायला हवा होता.

रविवारी जाऊन मी बाबांच्या पलंगाशी बसले. माफी वगैरे मागितली नाही, आमच्यात ती पद्धत नाही. म्हटलं, बाबा, चार्ज देण्याचं टायमिंग चुकतंय. रेड्याने पहिली ढुशी दिली की तुम्ही बोलायला घ्या, मी उभी आहे मागे, ढकलणार नाही. त्यांनी डावा हात काठीकडे केला.

त्यानंतर आई ताटलीवर चमच्याने ढुशा वाजवायची, टक, टक, आणि बाबा तोंड उघडायचे. “दि” यायचं. ‘ला’ कुठेतरी जिभेच्या मागे अडकायचं, मानेच्या शिरा फुगायच्या, आणि कधी अर्ध्या शब्दावर समाधान मानून बोट उठायचं, कधी नाही. सरावाच्या आखाड्यात आम्ही रेड्याला दोनदा मारला. चार-पाचदा त्याने आम्हाला मारलं. मी म्हणत होते, अजून महिनाभर सराव करू. वर्ष भरत आलं होतं हेही डोक्यात होतंच, पण घाई करून ढालकरी घालवायचा नव्हता.

एका रविवारी दुपारी जेवणं व्हायची होती. आई मध्येच उठून गॅसकडे जात होती, परत येऊन बसत होती. मी दुसरा कंट्रोलर घेऊन बाबांच्या शेजारी पलंगावर बसले. राजधानीखालच्या पायऱ्या उतरलो. मी सरावाच्या दाराकडे वळले आणि पाहते तर ढालकरी दुसऱ्या दाराशी उभा.

“बाबा, हा खरा आहे.”

“हां.”

मी सांगून पाहिलं. तुमचा माणूस पुसला जाईल, परत येणार नाही, एवढे महिने फुकट जातील. आईनेही सांगितलं की आधी जेवा तरी. बाबांनी डाव्या अंगठ्याने बटण दाबलं. मला त्यांना एकट्याला आत सोडता येईना, मीही दाबलं.

पहिल्या दोन फेऱ्या म्हणजे लांडगे आणि हाडांचे शिपाई. सोपं होतं. फेरी संपली की पडदा विचारायचा, जाता की लढता. मी बाबांकडे बघायची. त्यांनी आयुष्यात कधी बॅच अर्धी सोडली नव्हती. मान हलायची, नाय. तिसऱ्या फेरीत एक जादूगारीण होती, तिने मला जवळजवळ संपवलं. बाबांनी मध्ये येऊन ढाल लावली आणि मी वाचले. फेरीनंतर त्यांचं बोट बटणाला चिकटून बसलं होतं. त्यांनी डाव्या हाताने ते उचललं, मांडीवर ठेवलं, चोळलं. आई म्हणाली बास करा आता, जे मिळालं ते घेऊन या. बाबा म्हणाले, “नाय.”

चौथ्या फेरीत दोन अस्वलं. तिथे एकदा जागा बदलायची वेळ आली. बाबांनी “दि” म्हटलं, पुढचं राहिलं, पण बोट उठलं. मी “घेतला” म्हटलं आणि पुढे झाले. मला वाटलं, होईल. होईल हे.

पाचव्या फेरीचं दार उघडायला वेळ लागतो. साखळ्यांचा आवाज येतो, धूळ पडते. त्यात शेवटचं एकदा विचारतात. माझ्या डाव्या अंगठ्याखाली ‘बाहेर जा’ होतं. मी दाबलं असतं तर बाबा काही करू शकले नसते, दोघांपैकी एकाने दाबलं तरी पुरतं. मी पुन्हा त्यांच्याकडे पाहिलं. ते माझ्याकडे बघतच नव्हते. त्यांनी बोट बटणावर ठेवून ढाल आधीच वर केली होती.

रेडा आला. बाबा पुढे, मी बाजूने. पहिला तडा. मी वार करत सुटले, मला शक्य तितके, कारण रेडा लवकर मेला तर जागा बदलावीच लागणार नाही असा माझा हिशोब. दुसरा तडा. रेड्याची ताकद निम्म्याहून खाली आली होती. आई गॅस बंद करून आमच्या मागे येऊन उभी राहिल्याचं मला कळलं. तिसरा तडा. ढाल अशी फाटलेली दिसायला लागली की आरपार रेड्याचे डोळे दिसत होते.

मी बाबांच्या मागे जाऊन उभी राहिले. पहिली ढुशी. बाबांचं तोंड उघडलं. दुसरी ढुशी. “दि…” मानेच्या शिरा तटतटल्या. रेड्याने मान वर केली, श्वास घ्यायला लागला. “दि…” माझा अंगठा धक्क्याच्या बटणावर होता. तो तिथे कधी गेला मला माहीत नाही. दाबला तर बक्षिसं जातील, जाऊ देत, खड्ड्यात गेली ती पिवळी ढाल, पण ढालकरी वाचेल. आणि बाबांना दुसऱ्यांदा कोणीतरी खुर्चीवरून उचललेलं असेल, ह्या वेळी मी. नाही दाबला तर ढालकरी पुसला जाईल आणि त्याच्यासोबत बोट, हात, ते वर्ष. दोन्हीकडून बाबा भिंतीकडेच वळताना मला दिसत होते. रेड्याचा श्वास संपत आला. मला ओरडावंसं वाटलं, पण मी दात दाबून धरले. अंगठा उचलला आणि थांबले.

“दिला.”

शब्द आला. अख्खा आला, नेहमीच्या त्यांच्या आवाजात, किंचित चिडका, पुढच्या माणसाने लक्ष दिलं नाही तर बघा असा. त्यामागोमाग बोट उठलं. रेड्याची धडक तोवर निघालेली होती. ढाल खाली आली आणि धडक सरळ ढालकऱ्याच्या अंगावर बसली. तो पडला. टकलं डोकं धुळीत दिसलं आणि मग तो विरघळायला लागला, खालून वर.

आई “अगो” एवढंच म्हणाली. मी ढाल लावली. काय करत होते ते नीटसं आठवत नाही, डोळ्यांत पाणी असल्यामुळे पडदा धूसर दिसत होता. रेड्याची ताकद थोडीच उरली होती. त्याला परत आणते, परत आणते, एवढंच मी पुटपुटत होते. एक तडा. वाकून पोटाखाली वार. दुसरा तडा. आता मागे यायला कोणी नव्हतं. तिसऱ्या तड्यानंतर त्याने मान वर केली, श्वास घेतला, आणि मी ढाल टाकून दिली. असं कोणी करत नाही. दोन्ही हातांनी तलवार धरून त्याच्या उघड्या गळ्यात खुपसली. तो धडक मारायला खाली आला आणि तसाच बसला, हळूहळू, म्हशी बसतात तसा.

पडद्यावर पेटी उघडली. पिवळी ढाल. तिच्याखाली प्रश्न: सगळी बक्षिसं सोडून सोबती परत मागता का? आणि वेळ, उलटा पळणारा, अगदी थोडा. मी हसले, रडले, काहीतरी केलं आणि ‘हो’वर अंगठा न्यायला लागले.

माझं मनगट कोणीतरी धरलं.

बाबांनी. उजव्या हाताने. त्या पकडीत एवढा जोर होता की माझ्या बांगड्या रुतल्या. मी म्हटलं, “सोडा बाबा, वेळ संपतोय, तुमचा माणूस परत आणते.”

“नाय.”

मग मात्र मी भडकले. एवढ्या वेळची भीती सगळी रागातून बाहेर पडली. म्हटलं, मग उद्यापासून काय करणार आहात, परत भिंतीकडे तोंड करून झोपणार आहात का? तुम्हाला काय वाटतं, मी हे कशासाठी खेळत होते, त्या ढालीसाठी? मी आवाज चढवू नये म्हणून आईने माझ्या खांद्यावर हात ठेवला. बाबा शांत होते. इतके शांत मी त्यांना झटका आल्यापासून पाहिले नव्हते. मंद डोक्याच्या पोराला पुन्हा समजावून सांगावं तसे ते म्हणाले, “दिला.”

आणि मनगट धरून वाट बघत राहिले.

मला कळेना. आईला कळलं. ती मागून हळूच म्हणाली, “तू घेतला बोललीस नाय गो.”

खरंच बोलले नव्हते. ढालकरी पडला, मी रेड्यावर धावले, आणि तो शब्द राहूनच गेला होता. पडद्यावरचा वेळ संपायला आला होता. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. पहिल्यांदा आवाजच फुटला नाही, बाबांसारखीच मी तोंड उघडून बसले. त्यांनी घाई केली नाही.

“घेतला,” मी म्हटलं.

त्यांची बोटं एकेक करून उघडली. डावा हात मांडीवरच होता.